पैलवानाचं सोंग

“शालन, माझा हात उचल जरा,” सर्जादादा म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. जत्रेचा दिवस होता. अंगण सारवून झालं होतं, चुलीवर पाणी तापत होतं आणि दादा अजून खाटेवरच होता. दुपारच्या मैदानात त्याची पहिल्या नंबरची कुस्ती लागली होती, साताऱ्याकडच्या एका नावाजलेल्या मल्लाशी. मी त्याचा हात उचलला. ओल्या गोणपाटासारखा जड लागला. सोडला तसा तो खाटेच्या कडेवर आपटला आणि तिथंच लोंबत राहिला. दादाचे डोळे माझ्यावर होते. बोलणं स्पष्ट होतं, श्वास नीट चालला होता. मानेखालचं अंग मात्र त्याचं ऐकत नव्हतं.

“आणि पाय?” मी विचारलं.

“पाय हाईत,” तो म्हणाला. “पर माझं न्हाईत.”

मी तेव्हा मिरजेला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या माळवाडीतून त्या वाटेला गेलेली मी पहिलीच मुलगी. जत्रेपुरती घरी आले होते. जे शिकले होते ते सगळं एकदम आठवायला लागलं आणि त्यातलं नेमकं काय उपयोगाचं, ते कळेना. मी त्याच्या अंगठ्याला चिमटा काढला, त्याला दुखलं. मग त्याचा पाय खाटेवरून खाली सोडला आणि गुडघ्याखाली तळहाताच्या कडेनं ठोका दिला. कॉलेजात आम्ही एकमेकींवर हे करून बघत असू. असा ठोका दिला की पाय आपोआप उडतो, धरून ठेवायचा म्हटलं तरी थोडा हलतोच. दादाचा पाय हलला नाही. मी पुन्हा ठोका दिला. पाय तसाच.

आईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. कुणीतरी दौलू वस्तादांना बोलावलं. आमचे वडील गेले तेव्हा दादा लहान होता. त्याला तालमीत नेऊन जोर काढायला शिकवणारे, पोटच्या पोरासारखं वाढवणारे ते हेच वस्ताद. त्यांनी दादाचे खांदे चोळले, तळपायाला तेल लावलं, शेजारच्या गावातल्या डॉक्टरांकडं माणूस पाठवला. डॉक्टर जत्रेमुळं पाव्हण्यांकडं गेले होते.

दुपारी हलगी सुरू झाली. मैदान घराच्या मागच्याच माळावर, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. दादाचं नाव पुकारलं. थोड्या वेळानं परत पुकारलं. मग साताऱ्याच्या मल्लानं नुसता हात वर करून फेरी मारली असणार, कारण लोकांचा गलका उठला आणि बसला. दादा आढ्याकडं बघत पडला होता. आई त्याच्या डोळ्यांच्या कडा पदरानं टिपत होती, कारण त्याला स्वतःला ते करता येत नव्हतं.

उन्हं उतरली तशी त्याच्या पायाची बोटं हलली. मग हाताची. दिवेलागणीला तो उठला, भिंतीला धरून अंगणात आला आणि उभ्यानं चहा प्याला.

त्या चहानं त्याचा घात केला. तो महिनाभर खाटेवर पडून राहिला असता तर गाव हळहळलं असतं. पण मैदान संपवून लोक परत फिरत होते आणि मगदुमांचा सर्जेराव अंगणात कपबशी घेऊन उभा होता. दौलू वस्ताद फाटकाशी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी वस्तू हरवल्यावर माणूस दिसतो, तसे दिसत होते.

“उद्यापासनं तालमीत येऊ नगंस,” एवढंच म्हणाले आणि गेले.

गावानं बाकीचं भरून काढलं. समोरचा गडी बघून सर्जाचं पाय गळालं. पैलवान कसला, सोंगाड्या. गडहिंग्लजकडचं जमत आलेलं स्थळ मागं फिरलं. दादा शेताला मागच्या पांदीनं जायला लागला, म्हणजे तालमीवरून जावं लागू नये. मी पाहिलेला तो गुडघा ज्याला त्याला सांगत होते. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बहीणच ती, भावाची बाजू घेणारच.

मिरजेला परत गेले तरी तो पाय डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी मी कुर्तकोटीबाईंच्या खोलीत गेले. त्या आम्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी पेशी शिकवली होती, पेशीभोवतीचं पटल शिकवलं होतं. त्या पटलातून काय आत जातं, काय बाहेर येतं, कुठले क्षार कुठल्या बाजूला साठतात, हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि परीक्षेबरोबर बाजूला ठेवलं होतं.

बाईंनी सगळं ऐकलं. मग त्यांनी जे विचारलं ते मला विचित्र वाटलं. आदल्या दिवशी भावानं काय केलं होतं आणि काय खाल्लं होतं? मी सांगितलं. आदल्या दिवशी वस्तादांनी त्याच्याकडून घाम निथळेपर्यंत मेहनत करून घेतली होती. संध्याकाळी नैवेद्याच्या पुरणपोळ्या झाल्या होत्या आणि दादानं दुधात कुस्करून ताटभर पोळ्या खाल्ल्या होत्या. मग तो लवकर झोपला.

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. “त्याचं रक्त कधी तपासलं?”

“तपासलंच नाही, बाई.”

असा एक आजार असतो, त्या म्हणाल्या. फार थोड्या घरांत आढळतो. स्नायूच्या पेशीचं पटल बिघडलेलं असतं. एरवी माणूस धडधाकट, कधी कधी तर चारचौघांपेक्षा ताकदवान. पण भरपूर कष्ट, त्यावर भरपूर गोड जेवण आणि त्यावर झोप, असं जुळून आलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं आणि स्नायू मुके होतात. काही तासांनी सगळं जिथल्या तिथं. पण तुझा भाऊ त्यातलाच, हे मी नुसतं ऐकून सांगू शकत नाही. झटका आलेला असताना रक्त मिळालं पाहिजे.

त्या मला डॉ. हळदीपूर यांच्याकडं घेऊन गेल्या. ते दवाखान्यातले मोठे डॉक्टर, तिरसट म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सरळ सांगितलं की झटक्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्याला इथं आणा, आपल्या डोळ्यांसमोर झटका आणू. आणि हेही त्याला सांगा की हृदय हाही स्नायूच आहे. पोटॅशियम फार उतरलं तर ते गडबडू शकतं. आम्ही यंत्र लावून बसू, औषध हाताशी ठेवू, पण धोका नाही असं मी म्हणणार नाही.

रविवारी मी गावी गेले. दादा गोठ्यात वैरण टाकत होता. मी काही न लपवता सगळं सांगितलं. त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकलं आणि विचारलं, “वस्ताद येतील बघायला?”

तालमीत बायकांनी जायचं नाही, अशी पूर्वापार रीत. मी बाहेर निंबाखाली उभी राहिले आणि एका पैलवानाकरवी निरोप दिला. वस्ताद अंगाची माती पुसत बाहेर आले. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. डोळ्यांनी बघितल्यावर आणखी काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. सांजच्याला तो अंगणात उभा होता.

“सकाळीही तुम्ही बघितलाच होता की,” मी म्हणाले. “सकाळचं खोटं आणि सांजचं खरं, हे कुणी ठरवलं, वस्ताद?”

ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ठरल्या दिवशी मी, आई आणि दादा एसटीला थांबलो तर वस्ताद आधीच तिथं होते, पटका बांधून, हातात पिशवी घेऊन. दादाशी ते एक शब्द बोलले नाहीत. पिशवी मात्र त्याच्या शेजारच्या बाकावर ठेवली.

दवाखान्याच्या मागच्या पटांगणात दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं जोर-बैठका मारायला सुरुवात केली. पेशंटांचे नातेवाईक डबे हातात धरून बघत उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्याचं अंग मोकळं झालं होतं आणि त्याला थांबावंसं वाटत नव्हतं. वस्ताद भिंतीला टेकून बघत होते. नकळत त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. मग दादाला जेवायला बसवलं. आईनं शेवयांची खीर केली होती, बाजारातून जिलेबी आणली होती, वर भात होता. एवढं गोड दवाखान्यात कुणी कधी खाल्लं नसेल. हळदीपूर डॉक्टरांनी त्याला झोपायला सांगितलं, छातीला यंत्राच्या तारा लावल्या आणि स्वतः खुर्ची ओढून बसले.

दुपार कलली तेव्हा दादानं डोळे उघडले. तो माझ्याकडं बघून हसला.

“आलं,” म्हणाला.

मी आयुष्यात पुढं हजारो पेशंट बघितले. आजार आला म्हणून हसलेला माणूस तेवढाच.

डॉक्टरांनी आधी रक्त काढून घेतलं. मग रबरी हातोडीनं गुडघ्यावर ठोका दिला. पाय जागचा हलला नाही. ते वस्तादांकडं वळले आणि म्हणाले, तुम्हाला काय बघायचं असेल ते बघून घ्या.

वस्ताद पुढं आले. दादाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत त्यांनी दोन्ही हात फिरवले, मालिश करताना फिरवावेत तसे, मग मांडीपासून घोट्यापर्यंत. हात उचलून सोडला. पाय उचलून सोडला. मग ते दादाच्या कानाशी वाकले आणि मैदानात देतात तसा आवाज दिला.

“सर्जा, ऊठ. समोर जोड उभी हाय.”

दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा लाल झाला. डोळ्यांत पाणी आलं. मानेखाली काहीसुद्धा हललं नाही. वस्ताद तसेच वाकून बघत राहिले, मग त्यांनी डोक्यावरचा पटका काढला आणि खाटेशेजारी फरशीवर बसले.

“झोपेत जरी असला,” ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, “तरी माझ्या हाकंला ह्येचा खांदा हलायचा.”

त्यानंतरचा वेळ वाईट गेला. यंत्रातून निघणाऱ्या कागदावरची रेघ बदलत चालली होती.  मध्येच हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडायला लागला. हळदीपूर डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं. कुर्तकोटीबाई माझ्याबरोबर व्हरांड्यात उभ्या राहिल्या. आईनं मला विचारलं, पोरगा वाचंल न्हवं? मी हो म्हणाले. दादाला इथं आणणारी मीच होते, आणि बंद दाराकडं बघत माझ्या मनात दुसरा विचार नव्हता.

आत त्यांनी पोटॅशियमचं औषध पाजायला सुरुवात केली होती. खारट, कडू पाणी, चमच्यानं, थोडं थोडं. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांच्या हातात तपासणीचा कागद होता. पोटॅशियम असायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं.

“तुमचं निदान बरोबर आहे,” ते कुर्तकोटीबाईंना म्हणाले.

“माझं नाही,” बाई म्हणाल्या. “गुडघा तिनं तपासला होता.”

संध्याकाळी दादाच्या अंगठ्याची पेरं हलली. वस्तादांनी तो अंगठा मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दादा उठून बसल्यावर हळदीपूर डॉक्टर आईशी बोलायला बसले. हा आजार बहुतेक करून आईकडून नाहीतर बापाकडून येतो, म्हणाले. घरात आणखी कुणाला असं व्हायचं का?

 आई खाली मान घालून सांगायला लागली. आमचे वडील गुऱ्हाळावर कामाला होते. दिवसभर काहिलीपाशी राबायचे, येता-जाता गूळ खायचे, रस प्यायचे. हंगामात कधी कधी सकाळी उठायचेच नाहीत. अंग उचलत न्हाई म्हणायचे. दुपारनंतर उठून कामाला जायचे. त्यांच्या थोरल्या भावानं आळशी म्हणून त्यांना वेगळं काढलं. गाव लोळ्या म्हणायचं. पुढं तापानं गेले, पण नाव तेच राहिलं. मी तेव्हा फार लहान होते; वडिलांबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि का बोलत नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

“एकदा मीबी चिडलो हुतो,” आई म्हणाली. आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. “खाटंवर पडल्यात म्हणून त्येंच्या अंगावर पाण्याची घागर वतली. भिजून तसंच पडलं हुतं. मला म्हणालं, तुझं बराबर हाय गं, पर मला उठता येत न्हाई.”

हळदीपूर डॉक्टर तिरसट होते. पण त्यांनी स्वतः उठून आईला पाणी आणून दिलं.

आठवड्याभरानं आम्ही माळवाडीला आलो. दादाला औषध सुरू झालं होतं, पथ्य ठरलं होतं. गोडाचं भरपेट जेवण बंद, मेहनत मापात, मोठ्या कुस्त्या नाहीत. तो हे ऐकून रडेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, हरलो न्हाई न्हवं मी, बास झालं.

त्या दिवशी संध्याकाळी वस्तादांचा निरोप आला की सर्जाला घेऊन तालमीकडं ये, तुझ्या आईलाही आण. आम्ही गेलो तर तालमीपुढं अर्धं गाव जमलेलं. मी सवयीनं निंबाखाली थांबले. वस्ताद दारात आले.

“डॉक्टरीणबाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चपला काढा आणि आत या. मला जे दिसलं ते मी सांगितलंय. का झालं, ते तुम्ही सांगा.”

एका म्हाताऱ्यानं काहीतरी पुटपुटत हरकत घेतली. वस्तादांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मी चपला काढल्या आणि आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायांना तालमीची माती लागली. थंड आणि मऊ होती, तेलाचा वास येत होता. समोर उघड्या अंगाचे पैलवान मांडी घालून बसले होते. दारात आणि खिडक्यांत माणसं. पुढं मी मोठमोठ्या सभांतून बोलले, पण तेवढं भान ठेवून कधी बोलले नाही.

मी पुस्तकातले शब्द बाजूला ठेवले. तुमचा दंड म्हणजे एक गोळा नाही, म्हटलं, त्यात लांब लांब धाग्यांसारख्या असंख्य पेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे एक खोली. तिला भिंत म्हणून एक पातळ पडदा, इतका पातळ की डोळ्याला दिसायचा नाही. त्या पडद्याला दारं असतात. आत एक क्षार भरलेला, बाहेर दुसरा, आणि तो हिशेब सांभाळायला पडदा रात्रंदिवस राबतो. तुम्ही डाव टाकायचं मनात आणता तेव्हा डोक्यातून निघालेला निरोप शिरेतून येतो आणि दारावर धडकतो. दारं उघडतात, क्षार आत धावतो, धागा आखडतो आणि हात उचलतो. सर्जादादाच्या पडद्याची दारं जन्मापासून सदोष आहेत. कष्ट केले, वर पोटभर गोड खाल्लं, झोप घेतली, की बाहेरचं पोटॅशियम आत शिरतं आणि दारं अडकून बसतात. त्या दिवशी तो खाटेवरून निरोप पाठवत होता. सगळं बळ लावून पाठवत होता. दार उघडत नव्हतं.

 एका तरुण पैलवानानं विचारलं, “मग जिलेबी खाल्ली की आमीबी पडणार काय?”

“तुमची दारं धड आहेत,” मी म्हणाले. “तुम्ही पडला तर तो समोरच्याच्या डावानं.”

तालीम हसली. त्या हसण्यात दादाही होता. वस्तादांनी त्याला हाताला धरून उठवलं, मूठभर माती घेऊन त्याच्या दोन्ही खांद्यांवर टाकली आणि म्हणाले की उद्यापासून नव्या पोरांची मेहनत सर्जा घेईल. पुढं वस्ताद थकल्यावर ती तालीम दादाच्याच हातात आली. त्यानं तयार केलेले मल्ल मी मैदानात बघितले आहेत, आणि त्यांच्या खुराकावर त्याच्याइतकी बारीक नजर ठेवणारा वस्ताद त्या भागात दुसरा नव्हता.

मी बाहेर आले तेव्हा आई दाराशी उभी होती. पलीकडं आमचे थोरले चुलते होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांच्यासमोर आई कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, की वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी ती दोन पावलं पुढं झाली.

“ऐकलासा न्हवं, भावजी?” ती म्हणाली.

चुलत्यांनी मान डोलावली.  ते काठी टेकत बाजूला झाले आणि त्यांनी तिला वाट दिली.

घर काही लांब नव्हतं. पण आई प्रत्येक दारापुढं थांबत होती. तालमीत येऊ न शकलेल्या बायका उंबऱ्यावर येऊन विचारत होत्या, काय सांगितलं म्हणं पोरीनं? आई कधी शाळेत गेली नव्हती. मी तिच्या मागं उभी राहून ऐकत होते, चुकली तर सांगावं म्हणून. ती कुठं चुकली नाही.

“आपल्या अंगात लई बारीक बारीक खोल्या असत्यात,” ती हातानं दाखवत सांगायची. “त्यास्नी पडदं असत्यात, पडद्यास्नी दारं. सर्जाच्या बापाची ती दारं अडकायची गं. सकाळच्या पारी उघडायचीच न्हाईत. माणूस आत जागा हुता.”

आणि पुढच्या दाराकडं निघायची.